बाईंनी मागितलेलं कच्चं काम

आत्या कच्चे फोटो कुणाला देत नसे. समारंभात दीड-दोन हजार फोटो काढायचे, त्यातले दोनेकशे निवडायचे, ते उजळायचे, कडा कापायच्या आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, हा तिचा शिरस्ता. ती कुणाची सख्खी आत्या नव्हे. फोटो काढताना लहान मुलांना “इकडे बघ, आत्याकडे बघ” म्हणायची सवय, म्हणून सगळ्यांची आत्या झाली.

एकदाच तिने एका नवरदेवाला सगळे फोटो दिले होते. त्याने ते फोनवर नारिंगी करून, मामेसासऱ्यांच्या गालांवर लाली चढवून गावभर पाठवले आणि खाली ठसठशीत अक्षरांत आत्याचं नाव टाकलं. सहा महिने लोक तिला विचारत होते, “आत्या, डोळ्यांना काही त्रास आहे का?” तेव्हापासून कच्चे फोटो बंद.

हे झालं सांगायचं कारण. न सांगायचं कारण वेगळंच होतं. बटण दाबताना आत्याची जीभ आपोआप बाहेर येई, आणि आरसे लावलेल्या हॉलमध्ये ती प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात सापडे. तेवढा कोपरा कापला की आब राहायचा.

अशा आत्यापुढे एका दुपारी बाई येऊन बसल्या. बाई म्हणजे तिला चौथीत गणित शिकवलेल्या, पुढे मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाचे फोटो आत्यानेच काढले होते. बाईंनी अल्बम टेबलावर ठेवला आणि पहिल्या पानावर बोट टेकवलं.

“ही कोण?”

“तुम्हीच की, बाई.”

“मग माझ्या सुरकुत्या कुठे गेल्या?”

“थोड्या पुसल्या.”

“न विचारता? पंचाहत्तर वर्षं लागली मला त्या जमवायला. सगळे फोटो दे. जसे निघाले तसे.”

आत्याने घसा साफ केला. कच्च्या फोटोंचे रंग मेलेले असतात, ते साध्या संगणकावर उघडत नाहीत, अर्धे हललेले, उरलेल्यांत डोळे मिटलेले, असं तिने एका दमात सांगितलं. मग नवरदेवाची गोष्टही सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मी तुला कच्चं काम कुठे करायला शिकवलं होतं?”

“पानाच्या उजव्या बाजूला.” उत्तर तोंडातून निघूनच गेलं.

“आणि ते खोडून नुसतं उत्तर लिहिलं तर?”

“अर्धे मार्क.”

“मग? तुझा अल्बम म्हणजे नुसतं उत्तर आहे. मला कच्चं काम बघायचंय.”

पन्नाशी उलटलेल्या बाईमाणसाला एवढ्यावर घाम फुटू नये, पण फुटला. आत्याने मधला मार्ग काढला. द्यायचं नंतर बघू, आधी इथेच बसून बघा. बाईंनी स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि सोळाशे त्रेचाळीस फोटो पहिल्यापासून बघायला घेतले.

वाढदिवसाचा हॉलही नेमका आरशांचा, जीभ निघाली एकोणिसाव्यातच. आत्याने घाईघाईने पुढचा फोटो लावला. त्यातही जीभ. त्याच्या पुढच्यातही.

“अगं, मागे घे,” बाई म्हणाल्या. त्यांनी नाक पडद्याला लावलं. “गुणाकार करताना अशीच काढायचीस. मी वर्गाकडे पाठ फिरवून उभी राहायचे, हसू दिसू नये म्हणून.”

आत्याचं तोंड लाल झालं. पण बाई हसता हसता पुढे सरकल्या होत्या आणि पावणेआठशेच्या आसपास एकदम थांबल्या. बाईंचा मुलगा व्यासपीठावर भाषण करत होता. पहिल्या रांगेत बाईंचे यजमान बसले होते. एका फोटोत त्यांचा हात कानाकडे निघालेला. पुढच्यात कानाचं यंत्र चिमटीत. त्याच्या पुढच्यात यंत्र खिशात. आणि मग सलग चार फोटो, चेहऱ्यावर परम समाधान.

अल्बममध्ये यातला शेवटचाच होता.

“मला वाटलं, मुलाचं बोलणं ऐकून भारावलेत,” बाई म्हणाल्या. “मी त्यांचा हात हातात घेतला होता गं!” आणि त्या अशा हसल्या की स्टूल कुरकुरलं, डोळ्यांतून पाणी आलं. आत्याने त्यांना पाणी दिलं आणि तीही खुर्चीवर कोसळून हसत सुटली.

त्यानंतर नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. तिने एका कागदावर अटी लिहिल्या. फोटो घराबाहेर पाठवायचे नाहीत, रंग बदलायचे नाहीत, बदललेच तर आत्याचं नाव घालायचं नाही. बाईंनी आधी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, मग सही केली आणि सगळे फोटो घेऊन गेल्या. यजमानांच्या त्या सात फोटोंची रांग करून त्यांनी जेवणाच्या टेबलासमोर टांगली. यजमानांनी ती बारकाईने पाहिली, म्हणे, आणि एवढंच बोलले, “प्रकाश चांगला पकडलाय.”

आठवड्याने मुलगा दुकानात आला. मोठ्या कचेरीतला साहेब माणूस, आवाजही तसाच. “आत्या, असले फोटो कुणी देतं का? घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्या भिंतीसमोर उभा राहतो. माझं भाषण एवढं काही लांब नव्हतं.”

आत्याने वाद घातला नाही. भाषणाचा पहिला फोटो उघडला आणि कॅमेऱ्याने नोंदलेली वेळ दाखवली. सहा वाजून बारा मिनिटं. मग शेवटचा उघडला. सहा एकावन्न.

साहेबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. मुलगा बाईंचाच, उत्तर चुकण्याची सोय नव्हती. पडद्यावरच्या वडिलांच्या त्या शांत, सुखी चेहऱ्याकडे ते वाकून बघू लागले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, “बाबांचा असा फोटो माझ्याकडे एकही नाही. याची एक मोठी प्रत मलाही काढून द्या.”

“सुरकुत्या पुसू का?” आत्याने विचारलं.

“हात लावू नका,” ते म्हणाले.