तिसऱ्या पिल्लाची चोच

सूर्यभान पेंटर कोपरगावात ट्रकांवर नावं घाली आणि आमच्या गावी आला की दफनभूमीतल्या क्रुसांवर. दोन्हीकडची अक्षरं सारखीच गोल, देखणी. बायको बाळंतपणात गेली तेव्हा तिचं नावही त्यानेच लिहिलं. पुढे पन्नाशीपर्यंत एकटाच राहिला.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, फादरनी त्याला चर्चमधली वेदीमागची भिंत रंगवायला दिली. त्यांना तिथे पेलिकन हवा होता. चोचीने स्वतःची छाती फोडून रक्तावर पिल्लं जगवणारी पक्षीण, म्हणजे आपलं शरीर देणारा ख्रिस्त. सूर्यभानने असला पक्षी कधी पाहिला नव्हता. त्याने गोदाकाठचा बगळा डोळ्यांपुढे धरला.

"पान्यावाचून खरे बगळे गेले, फादर. आता गावात ह्यो एकच ऱ्हानार," तो म्हणाला.

त्याच दुष्काळात माझी सहा वर्षांची दीना जेवेनाशी झाली. ताप नाही, जुलाब नाही. डॉक्टरांना काही सापडेना. बाकीची पोरं सरकारी वाटपाच्या सुकडीसाठी झोंबत, ही दात मिटून बसे. शाळेतलं शिकवणं संपलं की तिला कडेवर घेऊन मी चर्चमध्ये जाई.

भिंतीवर तीन पिल्लं उमटली. दोघांच्या चोची उघड्या होत्या, तिसऱ्याची मिटलेली आणि मान डावीकडे कललेली. दीनाही तशीच मान धरायची.

"सूर्यभान, त्याचंही तोंड उघड ना."

"न्हाई बाई. माझ्या कामात एक तोंड मिटलेलंच ऱ्हातं."

"का?"

"समदी उघडली तर पक्षिनीला पुरत न्हाई."

तो हसला, म्हणून मीही हसले. मी बी.ए. झालेली, असल्या गोष्टी मानत नव्हते.

दुसऱ्या दुपारी तो चहाला गेला होता. दीनाने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी तिला बाकावर निजवलं, शिडी चढले आणि त्याच्याच ब्रशने ती चोच उघडली. घाईत चोच जरा जास्तच उघडली गेली. खाली उतरले तर दीना भिंतीकडे टक लावून बघत होती.

संध्याकाळी तिने वाटीभर पेज घेतली, आणि आणखी मागितली.

सकाळी सूर्यभानने भिंत पाहिली. तो पुसून टाकेल असं मला वाटलं. पण त्याने लाल रंग कालवला, पक्षिणीच्या छातीवर आणखी एक जखम काढली आणि तिथून एक धार त्या चोचीत सोडली.

"उघडलीच हाय, तर उपाशी ठेवनं बरं न्हाई," एवढंच म्हणाला.

ईस्टरपर्यंत दीनाचे गाल भरले. सूर्यभानचं जेवण मात्र सुटलं. तो फादरांच्या खोलीमागे पडून असे. ताप नाही, काही नाही. मी पेज नेली की दात मिटून भिंतीकडे वळे.

एका संध्याकाळी मी त्याला विचारलं, "ती चोच पुन्हा मिटवू का?"

त्याने उलट मलाच विचारलं, "पोर जेवली का आज?"

"जेवली."

"किती?"

"रेशनच्या मिलो ज्वारीच्या तीन भाकरी."

"सहा वर्साची पोर," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

ब्रश त्याच्या उशाशीच होता. मी तो उचलला नाही. पेजेची भरली वाटी झाकून परत आणली. दीना दारातच उभी होती. ती पेज तिने उभ्या उभ्या संपवली.