फाइल वर गेलीय

"फाइल वर गेलीय," असं म्हणून भाऊ अंगठा छताकडे करत. सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी तुम्हीही कधी असा अंगठा पाहिला असेल. आमची अंधेरीची जमीन-नोंदींची कचेरी शेवटच्या मजल्यावर होती. वर फक्त पाण्याची टाकी. मी नवीन लागले तेव्हा आम्हा कारकुनांना या विनोदाचं फार हसू यायचं.

ते रेकॉर्डरूमचे प्रमुख. गाव मालवणकडचं. सगळे त्यांना भाऊ म्हणत. आवाज असा, की समोरचा अर्जदार आपला प्रश्नच विसरे. मला मात्र डब्यातली तळलेली सुरमई बळेच वाढत. "खा गो, किती सुकलंस!"

मनोरीची एक म्हातारी कोळीण घराच्या जागेच्या उताऱ्यासाठी सारखी यायची. येताना भाऊंसाठी सुके बोंबील आणायची. भाऊ बोंबील घेत, अंगठा वर करत आणि "पुढच्या आठवड्यात या" म्हणत.

मग सगळं जुनं रेकॉर्ड स्कॅन करायचा आदेश आला. मशीन आली, ऑपरेटर आले. पुढची खोली झाली, पण मागच्या खोलीची किल्ली काही भाऊंना सापडेना. कधी ती घरी राहायची, कधी कुलूपच गंजलेलं असायचं. शेवटी साहेबांनी कुलूप तोडायला लावलं.

मांडण्यांवर लाल फडक्यातले गठ्ठे नीट रांगेत होते. ऑपरेटरने एक उचलला, तर हातात नुसतं फडकं आलं. खाली माती सांडली. दुसरा उचलला, तेच. वाळवीने आतून सगळं फस्त केलं होतं.

"भाऊ, तुम्हाला माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"होतं, साहेब. कळलं तेव्हाच सांगायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. मग रोजच भीत राहिलो."

साहेबांनाही चौकशी नको होती. "मूळ प्रत उपलब्ध नाही" असं संगणकात टाकून काम पुढे सरकलं. भाऊंवर कुणी ओरडलंसुद्धा नाही. तेच त्यांना सोसेना.

"माका लाज वाटता गो," ते मला म्हणाले. "त्या मनोरीच्या बायचे बोंबील खाल्ले मी. चलशील माझ्याबरोबर? एकट्याने पाय उचलत नाही."

रविवारी मार्वेच्या धक्क्यावरून आम्ही बोटीने गेलो. म्हातारी अंगणात वाळत घातलेली मासळी उलटत होती. भाऊंना पाहून लगबगीने उठली.

"उतरली काय फाइल? अगो बघा, साहेब घरा घेऊन आयलाय!"

शेजारणी गोळा झाल्या. त्या सगळ्यांसमोर भाऊ म्हणाले, "बाय, फाइल वर नव्हतीच. वाळवीने खाल्ली. मला ठाऊक होतं, तरी तुला फिरवत राहिलो."

आवाज इतका बारीक निघाला की मागच्या एकीने विचारलं, "काय बोलला?" भाऊंना ते सगळं पुन्हा सांगावं लागलं.

म्हातारीने हातातली मासळी खाली ठेवली. "माझं गुडघं गेलं तुझ्या जिन्यावर," ती म्हणाली. "येक डाव तरी खरा सांगाचा ना."

पाणी तिने दिलं, दारात आलेल्या कुणालाही देतात तसं. मी पेला न पिताच खाली ठेवला. त्या अंगठ्याला हसणाऱ्यांत मीही होतेच की.

भाऊंनी तिच्याकडच्या जुन्या घरपट्टीच्या पावत्या मागून घेतल्या. शेजारच्या जागांचे नकाशे, पंचनामा, साक्षी, सगळं गोळा करत नोंद पुन्हा उभी करायला ते टेबलाटेबलावर फिरले. वयाने निम्म्या असलेल्या माणसांपुढे हात बांधून उभे राहिले. "पुढच्या आठवड्यात या" हे त्यांनीही ऐकलं आणि ते निमूट पुन्हा गेले.

अखेर उतारा छापून निघाला. "तू दे तिका. मी नको," म्हणून ते बाहेर व्हरांड्यात जाऊन थांबले. म्हातारीने कागदावरचं आपलं नाव बोटाने चाचपलं, कागद पिशवीत घातला आणि ती निघाली. दाराबाहेर भाऊंनी हात जोडले. ती थांबली. त्यांच्याकडे पाहिलं. मग कठडा धरून जिना उतरू लागली.

थोड्याच दिवसांत भाऊ निवृत्त झाले. निरोपाला आम्ही झेंडूचा जाड हार आणला होता. मी तो घालायला पुढे झाले, तशी त्यांनी मान मागे घेतली.

"गळ्यात नको गो," ते म्हणाले. "हातात दे."

तो वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत धरून ते गेले.