खारट पाण्याचा बाप्तिस्मा

आमच्या ह्यांना राग म्हणून येत नसे. दोघांच्या वाटणीचा राग मीच करायची. ह्यांच्याकडे होती ती भीती, आणि तीही एकाच गोष्टीची: देवाच्या दारात आपलं काहीतरी चुकेल.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही जालन्याकडचे कॅथलिक, पोटापाण्यासाठी सुरतेत आलेलो. हे पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये होते आणि उधन्यात आमची एक खोली होती. आजूबाजूला सगळे खानदेशी. आमची पोरगी पाच महिन्यांची झाली तरी तिला नाव नव्हतं, कारण नाव बाप्तिस्म्यात द्यायचं आणि बाप्तिस्मा पुढच्या रविवारी व्हायचा. तो पुढचा रविवार काही उजाडत नव्हता. शेजारीण रोज नळावर विचारायची, "पोरनं बारसं कवय शे वं?" मी बादली आपटून घरात यायची.

ह्यांची कारणं ऐकून कान किटले होते. आधी म्हणे धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्यात पोरीची जबाबदारी घेणारा माणूस, गावाकडून यायला हवा. तो येईना. मग पांढरा झगा नवा हवा. झगा आला, तर म्हणे नाताळात करू. नाताळही गेला. खरं कारण मला ठाऊक होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी फादर आईबापांना प्रश्न विचारतात आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं उत्तरं द्यावी लागतात. आमच्या चर्चमध्ये ती गुजरातीत. मिलमध्ये शेठशी दिवसभर गुजराती बोलणारा माणूस चर्चच्या पायरीवर पाय ठेवला की मुका व्हायचा.

ह्याचं मूळ माझ्या सासऱ्यांत होतं. ते गावाकडं मास्तर होते, म्हणजे फादर नसताना प्रार्थना घेणारे, पोरांना धर्म शिकवणारे. प्रार्थनेत एक शब्द चुकला की पायावर निंबाची काडी बसायची. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले, पण ती काडी ह्यांच्या डोक्यात तशीच शिल्लक होती. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले, अजूनही आहे. देव म्हणजे चुका शोधत बसलेला मुकादम, असं पोटच्या पोराला शिकवणाऱ्यावर का रागावू नये?

उन्हाळ्याच्या तोंडाशी पोरीला जुलाब लागले. एका दिवसात ती पार वाळून गेली, रडायचीही थांबली. सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. दुपारी डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. मी ह्यांना फादरांकडे पिटाळलं. हे एकटेच परत आले.

"फादर बारडोलीकडच्या गावात गेलेत. उद्या येतील."

"मग तुम्ही द्या बाप्तिस्मा. जीव जायची वेळ आली तर कुणीही देऊ शकतं, हे तुमच्या बापानंच शिकवलंय ना?"

"अगं, शब्द चुकला तर?"

"मिलमध्ये रंगाची शेड चुकली तर काय करता?"

"परत रंगवतो. पर हे कापड न्हाई गं."

"न्हाईच! कापड थांबंल. ही थांबंल का?"

ते खाली मान घालून उभे राहिले. ओठ हलत होते, म्हणजे शब्दांची उजळणी चालली होती. लेकीचे डोळे वर गेलेले आणि बाप पाठांतर करतोय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्टुलावर स्टीलचा ग्लास होता. तो उचलला, पोरीच्या कपाळावर पाणी ओतलं आणि जसं आठवलं तसं म्हटलं, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते." माझ्या आजीचं नाव दिलं. पाणी ओघळून ओठांवर आलं, तशी पोरीनं जीभ बाहेर काढून ते चाटलं.

मागून नर्स ओरडली, "अरे बेन, ए तो दवानु पाणी छे!"

तिनं पोरीला चमच्यानं पाजायला मीठ-साखरेची पुडी कालवून ठेवली होती. तेच पाणी मी ओतलं होतं.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. लेक चाटतेय, दिवसभरात पहिल्यांदा तिची जीभ हललीय, ते ह्यांना दिसलं नाही. "पाणी चुकलं," एवढंच म्हणाले. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नर्सनं मला बाहेर काढलं.

पोरगी वाचली. चमचा चमचा तेच पाणी पीत वाचली. घरी आल्यावर हे फादरांकडे गेले आणि सगळं सांगून आले. फादर रागावले नाहीत. म्हणाले, बाईनं बरोबर केलं, पण पाण्याबद्दल शंका आहे, म्हणून पुन्हा पाणी ओतू आणि म्हणू, तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल, तर मी तो देतो. ह्यांना हायसं वाटलं. मला तो 'नसेल तर' सुईसारखा टोचला. मी लेकीला मरणाच्या दारात नाव दिलं होतं. त्यात कसली शंका?

तरी रविवारी मी गेले. धर्मपिता गावाकडून आलाच नाही. चर्चमध्ये फुलं मांडणारी एक मावशी धर्ममाता म्हणून उभी राहिली. नवा झगा पोरीला ढगळ झाला होता. प्रश्नांची उत्तरं मीच मोठ्यानं दिली, हे नुसते पुटपुटले. मग फादरांनी पाणी घेतलं आणि तो 'नसेल तर' उच्चारला. माझे दात आवळले गेले. आता बोलणार, एवढ्यात शेजारून आवाज आला. मोठा, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असा.

"बाप्तिस्मा थई गयू छे, फादर. हू त्यांज व्हतो, दवाखान्यात. माझी हिंमत न्हाई झाली. हिनं दिला."

फादर थांबले. ह्यांच्याकडे बघून त्यांनी मान डोलावली, आणि मग नियमाप्रमाणे पाणी ओतलं. मला त्या पाण्याचं काहीच वाटलं नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते. मानेवर घाम होता, पण मान वर होती.

बाहेर आल्यावरही माझा राग पुरता उतरला नव्हता. पाच महिने काय कमी असतात? पोरीला त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "गुजराती सगळी चुकली तुमची."

"चुकू दे की," ते म्हणाले, आणि तिला नावानं हाक मारली.