राहिलेल्या दोन हाका

आम्ही आमचं गाव गुंद सोडलं तेव्हा सागवानाच्या गाड्या पुढं होत्या आणि त्यांच्या मागून चालत आम्ही दोघं, मी आणि माझा चुलतभाऊ सोमा. बेळगावच्या एका लाकडाच्या वखारीला दणकट पोरं हवी होती आणि भात घरात आल्यावर आमच्या हातांना काम नव्हतं, एवढंच कारण. बा शिवेपर्यंत आला. काकी, म्हणजे सोमाची आई, नाचणीच्या भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन त्याच्याही पुढं जाऊन उभी राहिली होती. सोमा तिचा एकुलता एक. तिला बोलायचं खूप होतं, पण रडूच आवरेना. बानं आम्हाला तेच सांगितलं जे तो रानात जाताना रोज सांगायचा: "पयल्या हाकंला ओ द्यायाची न्हाई. दुसरीला बी न्हाई. तिसरी आली की समजायचं, मानूस हाय."

तुमच्यापैकी जे गुंदात, कुंभारवाड्यात राहिलात त्यांना हे समजवायला नको. पण आपली जी पोरं शहरात जन्मली त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. आपल्या रानात काहीतरी आहे. त्याचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'ते' म्हणतात. ते ओळखीच्या आवाजात हाक मारतं, एकदा, फार तर दोनदा. तिसरी हाक त्याला जमत नाही. म्हणून आपण माणसाला तीनदा हाक मारतो आणि तिसरीला ओ देतो. हे आमच्या अंगात इतकं मुरलं होतं की जगात दुसरी काही पद्धत असेल असं आमच्या मनातही आलं नव्हतं.

वखारीत लहान फळकुटं रचायची आमची एक तऱ्हा होती. एकानं थप्पीवर उभं राहायचं आणि खालच्यानं न बघता फळकूट वर भिरकावायचं. ते बरोबर वरच्याच्या हातात जाई. एका शाळेचे ड्रिल मास्तर वखारीच्या मालकांकडं, शेठजींकडं बसायला यायचे, त्यांनी हे पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांना बास्केटबॉलचं वेड होतं. शेठजींना नाव कमावायची हौस होती. दोघांचं जमलं आणि वखारीचा संघ उभा राहिला. आधी खांबाला बांबूची बुट्टी बांधली. चेंडू आत पडला की कुणीतरी वर चढून तो काढायचा. मग बुट्टीचं बूड कापलं, आणि शेवटी तेलाच्या पिंपाची लोखंडी कडी आली. सकाळी लाकडं रचायची, दुपारनंतर खेळायचं, आणि मजुरी मात्र पूर्ण दिवसाची. वर दूध आणि अंडी. दुसऱ्या गावचे संघ आम्हाला 'पगारी पैलवान' म्हणून चिडवत. आम्हाला त्यात चिडण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं.

पहिला सामना कॅम्पातल्या शिपायांशी झाला आणि आमचं हसं झालं. मी कडीखाली मोकळा उभा. चेंडू सोमाकडं. मी ओरडलो, "सोमा!" सोमा थांबला. मी पुन्हा ओरडलो. सोमा थांबलेलाच. तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत शिपाई त्याच्या हातातून चेंडू घेऊन पार पलीकडं पोचले होते. संघातले पाचही जण आमच्याच डोंगरातले, त्यामुळं सगळा वेळ हेच चाललं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "शेठ, तुमची पोरं बहिरी आहेत!" असं ते चारचौघांत म्हणाले.

खरं कारण कळल्यावर ते हसले, आणि मग आमची ती खोड मोडायच्या मागं लागले. 'एक हाक, एक उत्तर' हा त्यांचा मंत्र. पहिल्या हाकेला जो हलणार नाही त्यानं खांद्यावर ओंडका घेऊन वखारीला फेरी मारायची. आम्ही फेऱ्या मारमारून थकलो. सगळ्यांत आधी बदलला तो सोमा. तो मुळातच हसरा, कुणाचं मन न मोडणारा. थोड्याच दिवसांत अशी गत झाली की हाक माझ्या तोंडातून पुरती बाहेर पडायच्या आत सोमा "आलो!" म्हणून एक हात वर करून धावलेला असायचा. वखारीचा सोमा म्हणून बेळगावात लोक त्याला ओळखू लागले. हुबळीला जाऊन रेल्वेवाल्यांना हरवलं तेव्हा शेठजींनी त्याला स्वतःच्या टांग्यात बसवून मिरवलं. मला त्याचा अभिमान वाटायचा. थोडा हेवाही वाटायचा, तेही लिहून टाकतो.

त्या वर्षी उळवीच्या जत्रेला तो घरी गेला. मला वखारीत थांबावं लागलं. जत्रा झाली, आणि परत निघायच्या आदल्या दिवशी सोमा काकीबरोबर ओहोळाकडं सरपण आणायला गेला. उन्हं कलत होती. पलीकडच्या झाडीतून हाक आली, "सोमा!" एकदाच. काकीनंही ती ऐकली. सोमानं डोक्यावरचा भारा खाली टाकला, "आलो!" म्हणाला आणि एक हात वर करून ओहोळ ओलांडून पळाला. काकी ओरडत राहिली. तो परत आला नाही.

गावानं रान पिंजून काढलं. एक पायताण मिळालं. जंगलखात्याच्या माणसानं वाघ म्हणून नोंद केली आणि तो गेला. पण गाड्यांबरोबर आलेल्या माणसानं मला जे सांगितलं ते वेगळंच होतं. काकी सगळ्यांना सांगत होती, "आवाज त्याच्या भावाचा व्हता." म्हणजे माझा. गाडीवाल्यानं दिवस सांगितला आणि मी तो बोटांवर मोजून पाहिला. त्याच संध्याकाळी सरावात मी कडीखाली मोकळा होतो आणि सवयीनं ओरडलो होतो, "सोमा!" सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

काकीचा निरोप होता, गावात आलास तरी आवाज काढू नको, तो मला ऐकवत नाही. मी तो पाळला. गुंदात गेलो की कुजबुजत बोलायचो. बा गेला तेव्हासुद्धा तोंडात पंचा कोंबून रडलो. पुढं पुढं जाणंच कमी केलं. जिथं आवाज काढायचा नाही तिथं माणूस किती वेळ बसणार?

इकडं संघ मोडला नाही, हे तुम्हाला नवल वाटेल. सोमाच्या जागी दुसरा आला. पण मास्तरांना पुन्हा कधी कुणाला नावानं हाक मारताना मी ऐकलं नाही. त्यांनी टाळीची खूण काढली. एक टाळी म्हणजे डावीकडं, दोन म्हणजे उजवीकडं. आमच्याकडून कुणी तोंड उघडत नसे. लोक आम्हाला वखारीचा मुका संघ म्हणू लागले. धारवाडहून माणसं मुद्दाम बघायला यायची. पाच माणसं घामाघूम होऊन पळताहेत आणि मैदानात फक्त टाळ्या आणि पायांचा आवाज, हे बघून गर्दीही आपोआप गप्प व्हायची. आम्ही बरेच सामने जिंकलो. जिंकल्यावरही कुणी ओरडलं नाही. पुढं शेठजी गेले, मुलांनी वखार विकली, आणि संघाचं नाव घेणारं कुणी उरलं नाही. खांब अजून आहे. त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे, पण कडी कुणी काढलेली नाही.

मी इथंच राहिलो. बायको खानापूरकडची. तिनं दोनदा हाक मारली तरी मी ढिम्म बसून राहतो, मग ती तिसऱ्यांदा चिडून मारते. नातवंडांना वाटतं आजोबा बहिरे. मास्तरांनी मोडलेली खोड मी पुन्हा लावून घेतली आहे.

गेल्याच्या आदल्या साली गुंदाहून निरोप आला की काकीनं बोलावलंय, येऊन तिचे पाय धरून जा. मी गेलो. सकाळी धुकं होतं. तिच्या दारात उभा राहिलो आणि किती वर्षांनी मोठ्या आवाजात म्हणालो, "काकी." आत हालचाल नाही. पुन्हा म्हणालो. चुलीचा धूर येत होता, ती आतच होती. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा आतून आलं, "ओ. ये बाबा, मानूस हाईस."

तिला दिसत नव्हतं. माझा हात धरून तिनं मला ओहोळाकडं न्यायला लावलं. तिथं पोचल्यावर म्हणाली, "त्या दिशी एकच मारलीस. दोन ऱ्हायल्यात. त्या मार."

मी म्हणालो, काकी, मी तर बेळगावात होतो.

"व्हय," ती म्हणाली. "पन आवाज तुजाच व्हता. मला मरायच्या आदी कळू दे, माजा ल्योक भावाच्या हाकंला गेला. रानातल्या त्याच्या न्हाई."

मी सरावातल्या त्या हाकेबद्दल तिला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. झाडीकडं तोंड केलं आणि हाक मारली, "सोमा!" मग शेवटची मारली. घसा फाटला. काकी कान देऊन उभी होती. ओहोळाच्या पाण्याखेरीज काही ऐकू आलं नाही. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "झालं. चल आता, न्याहारी कर."

काकी त्याच साली पावसाळ्यात गेली. मी तिच्यासाठी मोठ्यानं रडलो आणि कुणी गप्प केलं नाही. आता कुणी विचारलं की घर कुठलं, तर मी गुंद सांगतो. आयुष्य सगळं बेळगावात गेलं, तरी गुंदच सांगतो. तिथं गेलो की शेजाऱ्यांशी भांडतो, पोरांवर ओरडतो, खळखळून हसतो. फक्त ओहोळाकडं तोंड करून सोमाला हाक मारत नाही. त्याच्या तीन हाका झाल्या आहेत. आता ओ द्यायची पाळी त्याची.