सीताफळ आणि राष्ट्रीय प्राधान्य

पिकल्या सीताफळाचा वास आला की मला बीडमधली ती बैठक आठवते. सीताफळाचा गर बियांपासून वेगळा करणारं यंत्र आम्ही कॉलेजात बनवलं होतं, आणि देशाच्या विकासात बसतील असे प्रकल्प निवडायला मुंबईहून समिती आली होती. अध्यक्षांनी यंत्राकडे न बघताच विचारलं, "राष्ट्रीय प्राधान्यात सीताफळ कुठे बसतं?" मी तावातावानं उठले, तर धारूरहून फळं घेऊन आलेल्या मावशींनी हात धरून मला खाली बसवलं. "मॅडम, आता बोलू नका. खाऊ द्या त्यांना." त्यांनी प्रत्येकापुढे एकेक पिकलेलं फळ ठेवलं. मग बराच वेळ सभागृहात फक्त बशीत बिया पडल्याचा आवाज येत राहिला. बोटं चिकट, तोंड भरलेलं, प्रश्न विचारणार कोण! "लई गोड हाय ना, साहेब?" मावशी म्हणाल्या, "पर पिकलं की दोन दिसांत काळं पडतंय. दिल्ली तर ऱ्हायली, मुंबईलाबी पोचत न्हाई. गर काढून गोठवला, तरच लांब जाईल." अध्यक्षांनी शेवटची बी बशीत टाकली आणि यंत्र सुरू करायला सांगितलं. आता त्या समितीत मी बसते. कुणी प्राधान्याचे तक्ते दाखवू लागलं की मी म्हणते, "ते राहू द्या. तुमच्या गावचं काय आणलंय, ते आधी टेबलावर ठेवा."