गरिबीची पाहणी आणि आमच्या खुर्च्या

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, म्हणजे गरिबीवर बोलायचा मला परवानाच! त्या मे महिन्यात कूलरसमोर बसून मी एका परिसंवादासाठी निबंध खरडत होते: देशाच्या गरिबी हटवण्याच्या योजनेत शहरांच्या विकासाचं स्थान. स्थान भलतंच वरचं आहे, असं माझं मत होत आलं होतं.

तेवढ्यात पोळ्या करणारी बाई दारात उभी. या हिंदी मुलखात, माधव नगरात आमच्याकडे इतकी वर्षं काढून तिचं मराठी आमच्या हिंदीइतकंच पक्कं झालंय, म्हणजे अर्धंमुर्धं. "दीदी, उद्या सर्वेवाले येणार. सरकारी पक्क्या घराची लिस्ट बनते आहे. दोन खुर्च्या द्या ना, साहेबांना जमिनीवर कसं बसवू?"

तिची पत्र्याची खोली नाल्याला लागून. दर पावसाळ्यात चूल पाण्यात. पक्कं घर मिळणं म्हणजे तिची जन्माची चिंता मिटणं.

मी दानशूर! खुर्च्यांबरोबर टेबलफॅन दिला, चांगल्या कपबश्या दिल्या, वर डबाभर चिवडा. साहेब आले, खुर्चीत टेकले, वारा खाल्ला, चिवडा खाल्ला आणि तिचं नाव कापून गेले. घरात फर्निचर, पंखा, पाहुणचाराची ऐपत. कसली आलीय गरीब!

ती ढसाढसा रडली. मी तणतणत फ्रीगंजातलं त्यांचं ऑफिस गाठलं. "अहो, खुर्च्या माझ्या आहेत! मला लिहा हवं तर श्रीमंत!" कारकून शांतपणे म्हणाला, "मॅडम, हम तो जो दिखता है, वही लिखते हैं." मी हटले नाही. चार खेटे घातले, तेव्हा कुठे दुसरी पाहणी ठरली.

या वेळी सूत्रं माझ्या हातात. खोली रिकामी कर, चहा नाही, पाणी नाही, भांडंकुंडं झाकून ठेव, तोंड पाडून बस.

"पाहुणा आल्यावर तोंड कसं पाडायचं, दीदी?"

"पाड म्हटलं ना!"

नाव लागलं. मी टावर चौकातून पेढे आणले. तिने पुडा घेतला आणि तसाच ओट्यावर ठेवून कणीक मळायला लागली. मला रागच आला. एवढी धावपळ केली, आणि हिचं हे तोंड!

"अगं, झालं काय?"

"साहेबांनी पाणी मागितलं, दीदी. बाहेर गरम लू चालली होती. माणूस पसीन्याने भिजलेला. मी म्हटलं, नाही आहे." तिने कणीक उलटवली. "मटका मागेच होता. पोत्याखाली. भरलेला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "जाऊ दे गं. नवं घर मिळालं की मी येईन, मला पाज पाणी."

"पहिलं त्यांना बोलवीन," ती कणकेकडे बघत म्हणाली. "तुम्ही मग या."