लग्नाआधी सायबाच्या बंगल्यात

कपडा बेतताना चिंध्या पडतात. मुद्दाम कुणी पाडत नाही, पण संध्याकाळी टेबलाखाली ढीग असतोच. किस्स्यांचंही तसंच. जुन्या हुबळीत मी जन्मभर शिलाई केली. डोळे थकले तसं दुकान बंद केलं. तेव्हा भाचा मंजुनाथ म्हणाला, "मामा, घरी बसून काय करता? टाचण्या घ्या आणि माझ्याबरोबर चला."

मंजू फोटोग्राफर आहे. लग्न ठरलेली जोडपी घेऊन आम्ही धारवाडबाहेरच्या एका ओसाड बंगल्यात जातो. कुणा गोऱ्या सायबानं बांधलेला. कौलं गेली, कमानी राहिल्या. जिना आहे, वर मजला नाही. राहायला कुणी तयार नाही, फोटोत उभं राहायला मात्र रांग.

मंजूचं स्वतःचं लग्न तेवढं ठरत नव्हतं. चौतिशी आली. कॅमेऱ्याची बॅग वाहून वाहून त्याचा डावा खांदा खाली आलाय. शर्ट शिवताना मी तिथं थोडं कापड भरत असे. त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आमची अक्का. तिची एकच अट, सून मराठी बोलणारीच पाहिजे. अक्का स्वतः भाजीवालीशी कन्नडात भांडते. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाली, "भांडण वेगळं, सून वेगळी."

*

टाचण्या कशाला, तर गाऊनसाठी. भाड्याचा गाऊन एकाच मापाचा. मुलगी बारीक असली की मी तो पाठीमागून टाचण्यांनी आणि कपड्यांच्या चिमट्यांनी आवळतो. समोरून राजकन्या, मागून वाळत घातलेलं धुणं. म्हणून गाऊनचा फोटो मंजू मागून घेत नाही.

एक नवरदेव हट्टाला पेटला. "जिना चढताना मागून पाहिजे."

"नको हो सर."

"का नको?" म्हणत तो स्वतःच मागं गेला. जरा वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आमच्या गच्चीची आठवण झाली."

मुलगी तासभर त्याच्याशी बोलली नाही. त्या तासातले फोटो सगळ्यात चांगले आले. रागात मान सरळ राहते.

*

केशवापूरच्या एका मुलीबरोबर तिची आत्या आली होती. राखणीला. मंजू म्हणायचा, "सर, थोडं जवळ या." आत्या म्हणायची, "एवढं बस."

दुपारपर्यंत हेच. पोरगा पोरीपासून हातभर लांब, मध्ये आत्याची नजर.

शेवटी मंजूनं कॅमेरा खाली ठेवला. म्हणाला, "आत्या, तुम्हीच उभ्या राहून दाखवा, किती जवळ चालेल ते."

आत्या जरा लाजली. मग गाडीत झोपलेल्या यजमानांना हाक मारली, "अहो, बाहेर या. आणि पोट आत घ्या."

दोघं कमानीत उभी राहिली. आत्यानं नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. भाची म्हणाली, "आत्या, एवढं बस."

*

बंगल्यावर बसप्पा वॉचमन आहे. भेटेल त्याला तो एकच विचारतो. मुलगा असला तर "ऊटा आतेनपा?" आणि मुलगी असली तर "ऊटा आतेनवा?" जेवलास का बाबा, जेवलीस का बाई. त्याच्यापाशी दुसरा नमस्कार नाही.

एकदा मंजूनं रंगीत धूर सोडला. जोडपं त्या धुरात हळूहळू चालत येणार होतं. बसप्पाला वाटलं, आग लागली. घागर घेऊन धावत आला आणि दोघांना डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं.

ती दोघं एकमेकांकडं बघून हसत सुटली. मंजूनं फोटो घेतला. हल्ली जोडपी येऊन विचारतात, "तो पाण्याचा इफेक्ट आम्हाला मिळेल का?"

बसप्पानं त्या दोघांना उन्हात बसवलं आणि विचारलं, "ऊटा आतेनपा?" मग आपली भाकरी पुढं केली.

*

आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं कॉलेजातल्या सरांशी ठरलं. सर फार ताठ. मंजू म्हणाला, "सर, मॅडमच्या डोळ्यांत बघा."

सरांनी बघितलं. म्हणाले, "काजळ पसरलंय."

मेकअपला आमच्याकडं रेणुका असते. सप्तापूरची, घरची कन्नड. मराठी समजतं, बोलायला लाजते. ती तडक उठून कन्नडात म्हणाली, "माझं काजळ पसरत नाही."

जवळ जाऊन बघितलं, तर मुलगी रडत होती. घरी एकटे वडील. त्यांना सोडून जायचं, ते आत्ता कळलं असेल. सरांनी रुमाल काढला, पण तिचे डोळे पुसावेत की रुमाल हातात द्यावा, हे त्यांना कळेना. मग म्हणाले, "आपण त्यांच्या जवळच घर बघू."

एवढा चांगला फोटो, पण मंजूनं कॅमेरा खाली केला. मी म्हणालो, "अरे, घे की."

"नको मामा. तो त्यांचा आहे."

रेणुका काजळाची डबी शोधत होती. डबी तिच्या हातातच होती.

*

त्याच दिवसाची गोष्ट. नवरी गाडीत पाणी पीत होती आणि ऊन उतरत होतं. जोडपं येण्याआधी उजेड बघायला दोन माणसं उभी करावी लागतात. रोज नवरदेव मी आणि नवरी रेणुका. त्या दिवशी माझा गुडघा धरला होता. मंजूला म्हणालो, "आज तू उभा राहा, बटण मी दाबतो."

कमानीत दोघं एकमेकांकडं तोंड करून उभी राहिली. रेणुकानं ओढणी डोक्यावरून घेतली. मागं सूर्य, त्यामुळं नुसत्या काळ्या सावल्या. मी म्हणालो, "हलू नका." बटण दाबलं. दाबून झाल्यावरही ती हलली नाहीत.

मग सर आणि नवरी तिथंच उभी राहिली, त्यांचाही तसाच फोटो झाला.

लग्न केशवापूरच्या कार्यालयात. मुलगी गल्लीतली, म्हणून अक्काही आली होती. दारात स्वागताचा मोठा फ्लेक्स, वर सर आणि नवरीची नावं, खाली कमानीतल्या दोन सावल्या. पाहुणे म्हणत होते, जोडा शोभतो.

अक्का मात्र फ्लेक्ससमोरून हलेना. मग मला दिसलं. फ्लेक्सवरच्या नवरदेवाचा डावा खांदा खाली होता.

मंजू घामाघूम. फोटो पाठवताना त्याचीच चूक झाली होती. "आई, काढतो मी तो."

"कार्य होईपर्यंत राहू दे," अक्का म्हणाली. मग मला विचारलं, "मुलगी कोण?"

तेवढ्यात नवरीच्या खोलीतून रेणुका मेकअपची पेटी घेऊन बाहेर आली. तिनं फ्लेक्स बघितला आणि पेटी छातीशी धरून तिथंच थांबली. "हीच," मी म्हणालो, "घरची कन्नड."

अक्का तिच्यापाशी गेली. वरपासून खालपर्यंत तिला बघितलं. पेटी तिच्या हातातून घेतली, मंजूच्या हातात दिली आणि विचारलं,

"ऊटा आतेनवा?"